तानसाचें पाणी, पवईची तबकडी



मुंबईच्या घराघरांत पहांटे नळ सुटतो, तेव्हां हें पाणी आलें कोठून असा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. शहापूर तालुक्यांतील तानसा नदीवरचा लांबलचक दगडी बांध ज्यानें पाहिला आहे, त्याला मात्र तो प्रश्न टाळतां येत नाहीं. हा बांध १८९२ सालीं पुरा झाला. त्याच्या आधीं, १८९० च्या सुमारास, मुंबईला तातडीची मदत म्हणून पवईच्या दरींत एक तलाव बांधण्यांत आला होता. तानसाचें मुबलक पाणी नळानें शहरांत येऊं लागतांच पवईच्या पाण्याची गरज सरली. पुढें वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसा नदीवर धरण झालें, आणि शहापूर तालुका हा मुंबईचा पाणवठाच होऊन बसला. याच तालुक्यांतील आणि शेजारच्या मुरबाडमधील कित्येक पाड्यांना वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, हेंही वर्तमानपत्रें वर्षानुवर्षें छापीत आलीं आहेत. देणाऱ्याच्या पदरांत परत काय पडलें, हा हिशेब म्हणूनच शहरांतल्या माणसानें अधूनमधून मांडलेला बरा.

आज मांडावयाचा हिशेब विद्येचा आहे. ज्या पवईच्या तलावाला तानसानें निवृत्त केलें, त्याच्याच कांठीं १९५८ सालीं आय. आय. टी. ही तंत्रविद्येची संस्था उभी राहिली. आणि या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तेथें अशा चलत्चित्रांचें काम सुरू झालें, कीं जीं मराठींत बोलत, तबकडीवर बसत, आणि जेथें आंतरजालाची तार पोंचली नाहीं तेथेंही जाऊं शकत. तबकडीवर चित्र लिहिण्याची ही शक्ति सामान्य माणसाच्या हातीं कशी आली, तिच्यासाठीं कोणकोणत्या कुलुपांशीं झगडावें लागलें, आणि आज तबकडीच अस्तास जात असतां तिच्यामागें काय उरतें, हा या भाषणाचा विषय आहे.

‘तबकडी’ हा शब्द आपल्याकडे ग्रामोफोनबरोबर रूढ झाला. एडिसननें १८७७ सालीं आवाज पकडला तो नळकांड्यावर. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनर याची, आणि ती १८८७ सालची. वरवर पाहतां दोहोंत आकाराचाच भेद दिसतो. परंतु एडिसनच्या पद्धतीच्या नळकांड्यावर घरच्या माणसाला आपला आवाज स्वतः उमटवितां येत असे. बर्लिनरच्या तबकडीवर तें शक्य नव्हतें. ती कारखान्यांत ठशानें छापून निघावयाची आणि घरीं फक्त वाजावयाची. एका ठशापासून पुष्कळ प्रती निघत, म्हणून व्यापारांत तबकडी जिंकली. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजानचें गाणें टिपण्यांत आलें, तेव्हां त्याच्या तबकड्या छापण्याचें काम जर्मनींतील हॅनोव्हर येथें होत असे. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाल्यावर तें या देशांत होऊं लागलें. पुढें बालगंधर्वांचीं नाट्यपदें या तबकड्यांवरून मराठी घरांत शिरलीं.

हें सारें खरें. पण त्याच घरांत पहांटे जात्यावर म्हटली जाणारी ओवी घरच्या तबकडीवर उतरवून ठेवण्याची सोय नव्हती. ऐकण्याचें सुख घराला मिळालें, लिहिण्याचा अधिकार मात्र कारखान्यापाशीं राहिला. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत वारली आणि कातकरी या बोलींची नोंद आहे. ती अर्थात् कागदावरची नोंद आहे, आणि ती करणारा सरकारी संग्राहक आहे. त्या बोली बोलणाऱ्यांना स्वतःचा आवाज स्वतः टिपण्याचें स्वस्त साधन मिळण्यास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. १९६३ सालीं निघालेल्या कॅसेटनें ध्वनीपुरती ती सोय केली. तथापि कॅसेटवरून कॅसेट उतरवितांना प्रत्येक पिढीला आवाज थोडा मळत जाई. नकलेची नक्कल, आणि तिचीही नक्कल, असें करतां करतां मूळ आवाज खरखरींत बुडून जाई.

१९८२ सालीं फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची ‘कॉम्पॅक्ट डिस्क’, म्हणजे आपली सीडी, बाजारांत आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीला सुई लागत नाहीं, म्हणून ती वाजण्यानें झिजत नाहीं. तिच्यांत आंतून बाहेर जाणारी एकच नागमोडी वेढ्यांची वाट असते. दोन वेढ्यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सुमारें दीडपट. सारी वाट उलगडून सरळ केली तर ती पांच किलोमीटरांहून अधिक भरेल. या वाटेवर सूक्ष्म खळगे असतात. त्यांवर लेसरचा किरण पडतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र शून्य आणि एक या दोनच अंकांची मालिका वाचतें. अंकांचें वैशिष्ट्य असें कीं ते उतरवून घेतांना मळत नाहींत. शंभरावी प्रत पहिलीइतकीच निर्मळ निघते. १९९६ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या डीव्हीडीनें वेढ्यांमधील अंतर त्याच मापाच्या पाऊणपटीवर आणलें, आणि सीडीवर जेथें सुमारें सातशें मेगाबाइट मावत, तेथें ४.७ गिगाबाइट, म्हणजे जवळजवळ सातपट मजकूर मावूं लागला.

इथपर्यंत तबकडी पुन्हां कारखान्याचीच होती. तिचें कुलूप उघडलें तें जपानच्या तायो युदेन या कंपनीनें. १९८८ सालीं तिनें घरीं लिहितां येईल अशी सीडी सिद्ध केली. हिच्यांत आधींचे खळगे नसतात. कोऱ्या वाटेवर एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. जोरकस लेसरनें तो थर जागोजाग तापविला कीं तेथील रंग पालटतो आणि प्रकाश कमी परततो. वाचणाऱ्या यंत्राला तो खळगाच वाटतो. इंग्रजींत या क्रियेला ‘जाळणें’ असें म्हणतात. आपल्याकडे तालुक्याच्या गांवींचा फोटो स्टुडिओवाला ‘सीडी राइट करून देतों’ असें म्हणे. लग्न, बारसें, शाळेचें संमेलन, जत्रा, सारें या राइट केलेल्या तबकड्यांवर गेलें. आणि शहरांतील व खेड्यांतील लक्षावधि घरांनीं पहिल्यांदाच स्वतःचें चलत्चित्र स्वतःच्या कपाटांत ठेवलें.

परंतु हें लिहिणें दिसतें तितकें सोपें नव्हतें. तबकडी फिरत असतां लेसरला अंकांचा पुरवठा अखंड व्हावा लागतो. मधेंच पुरवठा तुटला तर लेखन तेथेंच थांबे आणि तबकडी वायां जाई. यासाठीं लेखनयंत्रांत थोडी राखीव स्मृति ठेवलेली असते. तिचें कार्य समजून घ्यावयाचें तर तानसाकडे पाहावें. पाऊस चार महिने पडतो आणि शहराला पाणी बारा महिने लागतें. अनियमित येणारें सांठवून नियमितपणें सोडणें हें तलावाचें काम. राखीव स्मृति हा असाच अंकांचा तलाव आहे. संगणक कधीं अडखळत, कधीं भराभर अंक देतो. स्मृति ते सांठवून लेसरला एका धारेनें पुरविते. हा तलाव आटला कीं तबकडी मेली. २००० सालीं सान्यो कंपनीनें, पुरवठा तुटल्यास लेखन थांबवून पुन्हां त्याच जागेपासून चालूं करण्याची युक्ति काढली, तेव्हां ही हानि थांबली. वीजच गेली तर मात्र या युक्तीचाही उपाय चालत नसे. आणि ज्या काळांत ग्रामीण महाराष्ट्रांत भारनियमनाचे तास मोठे होते, त्या काळांत डीव्हीडी लिहावयास घेणें हें वेळापत्रक पाहून करावयाचें काम होतें.

दुसरी अडचण चित्राच्या आकाराची. आपल्याकडील दूरदर्शनच्या मापाचें चलत्चित्र आहे तसें लिहिलें, तर सेकंदाला सुमारें वीस मेगाबाइट जागा लागते. म्हणजे संबंध डीव्हीडीवर चार मिनिटांचेंही चित्र मावणार नाहीं. मग तीवर दोन तासांचा चित्रपट मावतो कसा? समजा, तानसाच्या पाण्यावरून एक बगळा उडत जात आहे. तलाव, डोंगर, झाडी हीं क्षणोक्षणीं तींच आहेत. पालटतो तो बगळा. तेव्हां तलाव एकदां लिहावा आणि पुढें फक्त पालटलेला भाग लिहीत जावें. डीव्हीडीसाठीं वापरल्या जाणाऱ्या ‘एमपेग-२’ या पद्धतीचा गाभा हाच आहे. म्हणून घरच्या चित्रफितीची डीव्हीडी करावयाची तर चार पायऱ्या पडतात: चित्र या पद्धतींत आंखडून घेणें, त्याचे भाग पाडून, निवडीची सूची लावून, डीव्हीडीच्या ठरीव रचनेंत बसविणें, त्या साऱ्याची एक अखंड प्रतिमा तयार करणें, आणि शेवटीं ती तबकडीवर लिहून, मूळाशीं ताडून पाहणें.

या चारही पायऱ्या करण्यासाठीं संगणकाला आज्ञांचा संच लागतो. त्यासच आपण सॉफ्टवेअर म्हणतों. आणि येथेंच दुसरें, अधिक भक्कम कुलूप होतें. कोरी तबकडी स्वस्त झाली, लेखनयंत्र स्वस्त झालें, पण तें चालविणारें सॉफ्टवेअर विकत घ्यावें लागे. त्याची प्रत शेजाऱ्याला देणें हा गुन्हा ठरे. आणि तें आंतून कसें चालतें हें पाहण्याची तर सोयच नसे. ज्याच्या हातीं लेखणी आली, त्याच्या हातीं शाईची दौत आली नव्हती.

या स्थितीला विरोध करणारी चळवळ अमेरिकेंत आधींच उभी राहिली होती. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘जीएनयू’ या योजनेची घोषणा केली. त्यांचें म्हणणें असें कीं सॉफ्टवेअर वापरणाराला चार मोकळिकी असल्या पाहिजेत: तें कोणत्याही कामासाठीं चालविण्याची, आंतून अभ्यासण्याची व बदलण्याची, त्याच्या प्रती दुसऱ्याला देण्याची, आणि सुधारलेल्या प्रतीही वाटण्याची. इंग्रजींत या सॉफ्टवेअरला दिलेल्या विशेषणाचे दोन अर्थ होतात, त्यामुळें तें फुकट मिळणारें सॉफ्टवेअर असा गैरसमज तिकडे नेहमीं होतो. मराठींत तसें होण्याचें कारण नाहीं. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांची प्रतिष्ठाही वेगळी आहे. १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स हा गाभा तयार केला, आणि मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा संपूर्ण संगणक शक्य झाला.

तबकडीचें लेखनही मग मुक्त झालें. बर्लिनचे यॉर्ग शिलिंग यांनीं १९९० नंतरच्या दशकांत ‘सीडीरेकॉर्ड’ हें साधन लिहिलें. पुढें त्याच्या परवान्यावरून शिलिंग आणि डेबियन ही लिनक्सची स्वयंसेवी मंडळी यांच्यांत तंटा झाला. २००६ सालीं डेबियनवाल्यांनीं आधींच्या मुक्त प्रतीवरून आपली वेगळी शाखा काढली. भांडण कडवट होतें. पण मालकीच्या सॉफ्टवेअरचा कर्ता रुसला तर वापरणारा निराधार होतो. येथें कर्ता आणि वापरणारे विभक्त झाले, तरी साधन दोघांकडेही राहिलें. वाटणींत दोन्ही भावांना अखंड घर मिळावें, असा हा चमत्कार अंकांच्याच जगांत घडूं शकतो. चित्र आंखडण्यासाठीं फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनीं २००० सालीं ‘एफएफएमपेग’ सुरू केलें. डीव्हीडीची रचना करण्यासाठीं ‘डीव्हीडीऑथर’ आलें. आणि आज्ञा टंकण्याचा ज्यांना कंटाळा, त्यांच्यासाठीं ‘के-थ्री-बी’, ‘डीव्हीडीस्टाइलर’ अशीं बटनांचीं साधनें झालीं.

तिसरें कुलूप विकत घेतलेल्या तबकडीवरचें. चित्रपटांच्या डीव्हीडीवर गुप्तलेखन असे, आणि तें सोडविण्याची किल्ली फक्त परवानाधारक यंत्रांपाशीं असे. लिनक्सच्या संगणकावर विकतची तबकडीही चालेना. १९९९ सालीं नॉर्वेमधील योन योहानसन या पंधरा वर्षांच्या मुलानें इतर दोघांच्या साह्यानें हें कुलूप उघडणारें सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलें. त्याच्यावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या यंत्रावर पाहणें हा अपराध नव्हे, असें मानून २००३ सालीं नॉर्वेच्या न्यायालयांनीं त्याला दोनदां निर्दोष सोडलें. दुसऱ्याच्या चित्रपटाच्या चोरट्या प्रती विकणें ही निराळी गोष्ट. तिचें समर्थन कोणीही करूं नये. परंतु चोराच्या भयानें धन्यालाच घराची किल्ली न देणें, हेंही न्याय्य म्हणतां येणार नाहीं.

आपल्याकडे या विचाराची संघटना २००१ सालीं तिरुवनंतपुरम येथें ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ या नांवानें स्थापन झाली. आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं, प्रारंभीं उल्लेखिलेलें काम पवईस सुरू झालें. आय. आय. टी.चे प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालीं आणि केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक अभियानाच्या साह्यानें ‘स्पोकन ट्युटोरियल’ ही योजना आकारास आली. एकेक धडा सुमारें दहा मिनिटांचा. पडद्यावर संगणक चालतांना दिसतो, आणि एक आवाज काय चाललें आहे तें सांगतो. विद्यार्थ्यानें एका बाजूस धडा आणि दुसऱ्या बाजूस तेंच सॉफ्टवेअर उघडून बरोबरीनें हात चालवावयाचा. लिनक्स, कार्यालयीन लेखनाचें लिबरऑफिस, गणिताचें सायलॅब, असे विषय; आणि सारें सॉफ्टवेअर मुक्त, म्हणून तें विद्यार्थ्याला देतांना कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.

या योजनेंतील दोन गोष्टी इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली भाषेची. धड्याची संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते: एकांत पडद्यावर काय दिसतें तें, दुसऱ्यांत काय बोलावयाचें तें. कोणत्या क्षणाला कोणतें वाक्य, हेंही टिपलेलें असतें. त्यामुळें चित्र तेंच ठेवून आवाज पालटतां येतो. आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे धडे असेच उतरले आहेत. दुसरी गोष्ट वाटपाची. धड्यांच्या फाइली मुक्त स्वरूपांत, मुक्त परवान्याखालीं आहेत. पडद्यावरचें चित्र थोडेंच हलत असल्यामुळें त्या आकारानेंही लहान असतात. हवे ते विषय आणि हवी ती भाषा निवडून, त्यांचा गठ्ठा करून तबकडीवर उतरवावा, ही सोय योजनेनेंच ठेविली. एका शिक्षकानें शहरांत एक तबकडी घ्यावी, आणि गांवीं जाऊन तिच्या वीस प्रती कराव्या. त्यांत ना अपराध, ना अपव्यय. तानसाच्या कांठच्या शाळेसारख्या शाळेपर्यंत जावयास या विद्येला नळ लागत नाहीं, तार लागत नाहीं, एस. टी.नें जाणाऱ्या माणसाची पिशवी पुरते.

असो. आतां तबकडीचा उत्तरार्ध. २००७ सालीं नोएडाच्या मोझर बेअर कंपनीनें चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस आणि डीव्हीडी चौतीस रुपयांस विकावयास काढल्या, तेव्हां तबकडीला अंत नाहीं असें वाटलें होतें. २०१८ सालीं ती कंपनी दिवाळ्याच्या कज्जांत निघाली आणि तिच्या विसर्जनाचा हुकूम झाला. नव्या संगणकांतून तबकडीचें यंत्रच नाहींसें होत गेलें. २०२५ च्या फेब्रुवारींत सोनीनें घरीं लिहावयाच्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन थांबविलें. शिवाय राइट केलेल्या तबकडीवरचा सेंद्रिय रंग उन्हानें, उष्णतेनें आणि दमटपणानें उडत जातो. आणि कोंकणपट्टीची हवा तर दमटच. ग्रामोफोनची जुनी तबकडी आजही सुई टेकतांच बोलते; पंधरा वर्षांपूर्वींची लग्नाची डीव्हीडी बोलेलच असें नाहीं.

यांतलें गांभीर्य पुण्यानें पाहिलें आहे. २००३ च्या जानेवारींत तेथील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील, नायट्रेटच्या जुन्या चित्रफिती ठेवलेल्या कोठाराला आग लागली, आणि कित्येक जुने चित्रपट तींत नष्ट झाले. फीत जळते, रंग उडतो, यंत्र बंद पडतें. वस्तूचा हा स्वभावच आहे. टिकतें तें, ज्याच्या प्रती अनेक आहेत आणि ज्याची प्रत करण्यास कोणाची आडकाठी नाहीं. आपले पूर्वज हें जाणत होते. मूळ हस्तलिखित कितीही जपलें तरी एक दिवस कसरीच्या तोंडीं जातें, हें ओळखूनच मठांतून आणि घरांतून पोथ्यांच्या नकला होत राहिल्या. आणि मराठी वाङ्मयाचा फार मोठा भाग त्या नकला करणाऱ्या अनाम हातांनीं आपल्यापर्यंत आणून पोंचविला आहे.

म्हणून ज्या घरांच्या कपाटांत अशा तबकड्या पडल्या आहेत, त्यांना माझी विनंति आहे. वाचणारें यंत्र मिळत आहे तोंवरच त्या बाहेर काढाव्या. ओरखडे पडलेल्या तबकडीवरूनही जेवढें निघेल तेवढें चिकाटीनें काढून घेणारें ‘डीडीरेस्क्यू’ हें मुक्त साधन आहे. त्याचा उपयोग करावा. मिळालेल्या फाइलींच्या निदान तीन प्रती कराव्या, त्यांतील एक दुसऱ्या गांवीं ठेवावी, आणि दर कांहीं वर्षांनीं त्या नव्या साधनावर उतरवाव्या. ज्या स्वरूपाची रचना जगजाहीर आहे अशाच स्वरूपांत त्या ठेवाव्या. म्हणजे आजची कंपनी उद्यां नसली तरी नातवंडांना त्या उघडतां येतील.

आणि हिशेबाच्या शेवटीं शिल्लक काय राहते? पाणी एकाला दिलें कीं दुसऱ्याचें कमी होतें. म्हणूनच तानसाचा प्रश्न कठीण आहे, आणि तो विद्येच्या तबकडीनें सुटणार नाहीं. विद्येचें तसें नाहीं. ती दिल्यानें घटत नाहीं. तिच्या वाटेंत बांध असेल तर तो माणसानें घातलेला असतो. शहापूर-मुरबाडच्या पाण्याचें ऋण शहरानें पाण्याच्याच न्याय्य वाटपानें फेडलें पाहिजे. तोंवर, जें देण्यासाठीं धरणही लागत नाहीं आणि ज्याची प्रत करण्यास मुक्त सॉफ्टवेअरनें कायद्याची आडकाठीही ठेवली नाहीं, तें आपल्या हातून अडून राहूं नये, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.